ऑस्प्रेचं घरटं बघताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते, रटलँड वॉटर हा मोठा तलाव आमच्यापासून गाडीने पाऊण तासावर. तिथल्या मँटन बे मधलं ऑस्प्रेचं घरटं मी गेले आठ सीझन बघतेय, जमेल तेव्हा हाइडमध्ये, म्हणजे पक्षी लपून बघायच्या खोलीत बसून आणि बाकी वेळ लाइव्ह कॅमेऱ्यावर. आधी फक्त घरच्या ग्रुपवर लिंक टाकली होती, मग ती पुण्याला, नाशकाला, नागपूरला, न्यू जर्सीला फिरत गेली आणि आता मार्च ते सप्टेंबर रोज कुणाचा तरी मेसेज असतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. सोपे प्रश्न वर, अवघड आणि अपवादाचे खाली.

आधीच एक सांगते. कॅमेऱ्यात आपल्याला घरटं दिसतं, पण त्या घरट्याचं निम्मं काम कॅमेऱ्याबाहेर, पाण्यावर चालतं. हे डोक्यात ठेवून बघितलंत तर बरेचसे प्रश्न पडणारच नाहीत.

१. ऑस्प्रे म्हणजे गरुड की घार?

दोन्ही नाही, शिकारी पक्ष्यांमध्ये त्याचं कुटुंबच वेगळं धरतात. घारीपेक्षा थोडा मोठा, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, वरून गडद तपकिरी, पोट पांढरं, आणि पिवळ्या डोळ्यावरून मागे जाणारा काळपट पट्टा. खाणं जवळजवळ फक्त मासे. पायाचं बाहेरचं बोट मागे वळवता येतं, म्हणजे मासा पुढून दोन आणि मागून दोन नख्यांत पकडता येतो, शिवाय तळव्याला बारीक काटेरी खवले असतात त्यामुळे बुळबुळीत मासाही सहसा सुटत नाही. आमच्या आईला मी "मासेमार घार" असं सांगते, तिला तेवढ्यात समजतं.

२. सगळे "माया" आणि "तेहेतीस" म्हणतात ते कोण?

मँटन बे ची जोडी. माया ही मादी, २०१० पासून याच घरट्यावर पिल्लं वाढवतेय. तेहेतीस म्हणजे ३३(११), पायातल्या रिंगवर ३३ आकडा आणि कंसातलं ११ म्हणजे तो २०११ सालचा, रटलँडमध्येच जन्मलेला. २०१५ पासून दोघं जोडीने आहेत. २०१९ ला त्यांनी एकाच सीझनला चार पिल्लं वाढवली, एरवी दोन-तीन म्हणजे भरपूर. आमच्याकडे सगळे तिला मायाताई म्हणतात, माझ्या सासूबाई तर आधी "मायाताई जेवली का" विचारतात आणि मग आमची चौकशी करतात.

३. भारतातून कॅमेरा कधी लावायचा? मी लावते तेव्हा नुसता अंधार असतो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे जातात, त्यानंतर इथे आणि भारतात साडेचार तासांचा फरक राहतो, त्याआधी साडेपाच. जूनमध्ये इथे पहाटे पावणेपाचला उजाडतं, म्हणजे तुमचे सकाळचे सव्वानऊ, आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे तुमचे मध्यरात्रीनंतरचे दोन. सकाळी सातला चहा घेत बघायला बसाल तर घरटं झोपलेलं असणार. साडेनऊ ते अकरा ही वेळ चांगली, पहाटेचा पहिला मासा बऱ्याचदा तेव्हा येतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लावलात तर इथली दुपार असते, पिल्लं पेंगत असतात, पण तेही बघण्यासारखं असतं.

४. वर्षाचं वेळापत्रक सांगा ना, काय कधी होतं?

मायाचं सांगते, स्कॉटलंडच्या घरट्यांवर सगळं काही आठवडे उशिरा होतं. मार्चच्या मध्याच्या आसपास दोघं आफ्रिकेहून परततात, वेगवेगळे, कधी एक आधी कधी दुसरा. काड्या आणणं, घरटं सारखं करणं. मार्च अखेरीच्या सुमारास अंडी, बहुतेक वेळा तीन, कोंबडीच्या अंड्याएवढी, मळकट पांढरी आणि त्यावर लालसर तपकिरी डाग. अंडी एकदम येत नाहीत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात. साधारण ३७ दिवस उबवणं. मे महिना लागता लागता पिल्लं. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला पहिली उड्डाणं. ऑगस्टच्या मध्यापासून एकेक निघायला लागतात, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरटं रिकामं.

५. प्रत्यक्ष बघायला यायचंय, कुठे जायचं, जवळून दिसतं का?

तलावाच्या दक्षिणेला लिंडन म्हणून रिझर्व्ह आहे, तिथे व्हिजिटर सेंटर आहे, तिकीट तिथेच. तिथून खाली चालत गेलं की वेडरस्क्रेप हाइड लागतो, त्याच्या खिडकीतून समोर पाण्यात खांबावर घरटं दिसतं. ते लांब आहे बरं का. नुसत्या डोळ्यांनी काड्यांचा ढीग आणि त्यावर एक ठिपका एवढंच दिसेल. दुर्बीण न्याच, आणि हाइडमध्ये स्वयंसेवक असतात त्यांच्याकडे स्कोप म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते, ते आपणहून बोलावून दाखवतात. लंडनकडून येणाऱ्यांनी ओकहॅम स्टेशनपर्यंत ट्रेनने या, पुढे टॅक्सी. पावसाळी बूट हवेतच. मुलांना मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये आणा, तेव्हा पिल्लांची डोकी काठावरून वर दिसतात, एप्रिलमध्ये फक्त अंड्यांवर बसलेल्या मायाचं डोकं दिसतं आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळतात.

६. दोघांतली माया कुठली हे कसं ओळखायचं?

मादी मोठी आणि जाड अंगाची, छातीवर तपकिरी ठिपक्यांचा पट्टा ठळक. नर सडपातळ, छाती बरीच पांढरी. पण खरं सांगू का, चार दिवस बघितलंत की वागण्यावरूनच कळतं. घरट्यात बसून एका बाजूला बघत सतत ओरडतेय ती माया, मासा टाकून मिनिटभरात निघून जातो तो तेहेतीस.

७. बाप घरट्यावर दिसतच नाही! सगळं तिच्यावरच टाकलंय का?

हा प्रश्न मला दरवर्षी किमान वीस जणी विचारतात आणि प्रत्येक वेळी मला तेहेतीसची बाजू घ्यावीशी वाटते. तो कॅमेऱ्यात नसतो कारण तो पाण्यावर असतो. पिल्लं जन्मल्यापासून पुढचे कित्येक आठवडे माया घरटं सोडून फार लांब जात नाही, तिचं स्वतःचं आणि पिल्लांचं सगळं खाणं तो एकटा आणतो. तीन पिल्लं जरा मोठी झाली की दिवसाला चार-पाच, कधी जास्त मासे लागतात, आणि प्रत्येक झेप यशस्वी होत नाही.

एकदा जूनमध्ये मी आणि माझी लेक हाइडमध्ये होतो, वारा इतका होता की पाण्यावर सारख्या लाटा उठत होत्या. तेहेतीस हवेत एका जागी पंख मारत थांबला, पाय खाली सोडले, झेपावला, रिकामा वर आला. अंग झटकलं, कुत्रं अंघोळीनंतर झटकतं तसं, उडता उडताच. परत फिरला. पाचव्या झेपेला मासा मिळाला, रोच जातीचा, चांदीसारखा चमकत होता आणि त्याने तो डोकं पुढे येईल असा पायात फिरवून धरला कारण आडवा धरला तर वारा अडतो. कॅमेरा बघणाऱ्यांना त्या पाऊण तासातलं काय दिसलं असेल? माया ओरडतेय आणि बाप कुठेतरी गायब. म्हणून सांगते, माया एका दिशेला टक लावून ओरडायला लागली की समजा तो तिच्या नजरेत आहे.

आणि अंडी असताना तोही रोज काही वेळ उबवायला बसतो, माया मासा घेऊन जवळच्या फांदीवर खायला जाते तेव्हा.

८. तो अर्धाच मासा का आणतो? डोकं कुठे गेलं?

डोकं त्याने खाल्लं. बहुतेक वेळा नर आधी एखाद्या खांबावर किंवा झाडावर बसून डोक्याकडचा भाग खातो, मग उरलेला मासा घरट्यावर नेतो. हे त्याचं जेवण, आणि ते झाल्याशिवाय पुढची शिकार कशाच्या जोरावर करणार. दुसरा फायदा म्हणजे डोकं नसलेला मासा घरट्यात फडफडत नाही. जिवंत मासा घरट्यात आला की तो उड्या मारतो आणि आठवड्याभराचं पिल्लू त्याच्या वाटेत आलं तर धडकू शकतं, म्हणून अशा वेळी माया मासा पायाखाली दाबून धरते ते बघा.

९. मोठं पिल्लू धाकट्याला टोचतंय, माया काहीच का करत नाही?

अंड्यांमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर असल्यामुळे पिल्लांमध्येही असतं, आणि या वयात दोन दिवस म्हणजे खूप. पहिलं पिल्लू थोरलेपणा गाजवतं, टोचतं, धाकटं मान खाली घालून पडून राहतं. बघवत नाही हे मला मान्य आहे. पण ऑस्प्रेमध्ये भांडणातच पिल्लू मेलं असं फार क्वचित होतं. मासे भरपूर येत असतील तर थोरल्याचं पोट भरतं, ते लवंडतं आणि मग धाकट्याची पाळी येते. माया समोर जे तोंड उघडलंय त्यात घास घालते, ती हिशोब ठेवत नाही, हिशोब आपोआप बसतो. खरा धोका मासे कमी पडतात तेव्हा, आणि तेव्हा सर्वात धाकटं आधी खंगतं.

भरवतानाचं एकदा कॅमेरा जवळ असताना नक्की बघा. जी चोच ट्राउटची कातडी फाडते त्याच चोचीच्या टोकाला ती तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा धरते, मान पूर्ण वाकडी करते म्हणजे चोचीची धार पिल्लाला लागणार नाही, आणि थांबते. पिल्लाची मान अजून डुगडुगत असते, दोनदा तीनदा त्याचा नेम चुकतो. ती हलत नाही. शेवटी तुकडा पडला तर तो स्वतः खाते आणि दुसरा तोडते.

१०. पिल्लू आडवं पडलंय, हलत नाही. मेलं का??

दोन प्रश्नचिन्हांसकट हा मेसेज येतो, बऱ्याचदा फोटोसकट. ९९ वेळा उत्तर नाही, झोपलंय. पोट भरलं की गळ्याखाली फुगा आल्यासारखं दिसतं आणि पिल्लू पाय ताणून, मान लांब करून पालथं पडतं. दुसरं कारण म्हणजे आईचा इशारा. वर दुसरा ऑस्प्रे किंवा एखादा शिकारी पक्षी आला की ती वेगळ्या आवाजात ओरडते आणि सगळी पिल्लं एकदम चपटी होतात, त्यांच्या पाठीचा रंग काड्यांत असा मिसळतो की घरटं रिकामं वाटावं. अशा वेळी पिल्लांकडे नको, मायाच्या डोळ्यांकडे बघा, ती आभाळात कुठे बघतेय त्यावरून पाहुणा कुठे आहे ते कळतं.

११. दहा-बारा दिवसांची पिल्लं इतकी कुरूप का दिसायला लागलीत, आजारी आहेत का?

नाही, वय. जन्मतः मऊ फिकट लव असते, ती जाऊन दुसरी गडद लव येते, मान उघडी उघडी दिसते, एखादा सरडा बसल्यासारखं वाटतं. आठवडाभर धीर धरा, पिसांची टोकं फुटायला लागतील.

१२. पाणी कधी पितात? आणि घरटं घाण होत नाही का?

लागणारं पाणी माशातूनच मिळतं. घाणीचं म्हणाल तर अगदी काही दिवसांची पिल्लंसुद्धा मागे मागे सरकत काठाशी जातात, बूड वर करतात आणि बाहेर पिचकारी मारतात. कॅमेऱ्याची काच त्या वाटेत असली तर मग आठवडाभर धूसर चित्र, त्याबद्दल मला मेसेज करू नका, पाऊस येईपर्यंत वाट बघा.

१३. धो धो पाऊस पडतोय, ती भिजतेय, घरट्यावर छप्पर का नाही करत?

पहिले दहा-पंधरा दिवस पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून पाऊस असो थंडी असो माया त्यांच्यावर पंख पसरून बसते. उन्हात ती उभी राहून पंखांची सावली करते, छत्रीसारखी. ऑस्प्रेला चारी बाजूंनी मोकळं आणि सगळ्यात उंच ठिकाण लागतं, छप्पर केलं तर ते घरटं सोडून जातील. तिचं भिजणं दिसायला वाईट दिसतं पण पावसापेक्षा मोठी अडचण सलग दोन-तीन दिवसांचा वारा आणि गढूळ पाणी ही आहे, कारण तेव्हा वरून मासा दिसत नाही (प्रश्न ७ बघा). उपाशी पिल्लू आणि गार पाऊस एकत्र आले तर मात्र काळजीच.

१४. तीन अंड्यांतलं एक फुटलंच नाही. ते फेकून का देत नाही?

न उबलेलं अंडं ती थोडे दिवस बाकीच्यांबरोबर पोटाखाली घेते, मग लक्ष देत नाही, ते गवतात-शेवाळात गाडलं जातं किंवा पायाखाली येऊन फुटतं. हे नेहमीचं आहे, जोडीत काही दोष आहे असं नाही.

१५. माणसं शिडी लावून पिल्लं खाली काढतायत! कुणाला कळवू का?

नको! ते रिंग घालणारे लोक आहेत, त्यांच्याकडे लायसन्स असतं. साधारण पाच-सहा आठवड्यांची पिल्लं असताना हे करतात, आधी पाय बारीक असतो आणि नंतर गेलं तर घाबरून पिल्लू उडी मारेल. पिल्लं पालथी घालतात तशी ती निपचित पडून राहतात, वजन घेतात, पंख मोजतात, त्यावरून नर-मादीचा अंदाज येतो कारण माद्या जड असतात. पायात निळी रिंग, इंग्लंड-वेल्समध्ये उजव्या पायात आणि स्कॉटलंडमध्ये डाव्या, त्यामुळे पुढे सेनेगलमध्ये कुणी दुर्बिणीतून नंबर वाचला तरी पिल्लू कुणाचं ते कळतं. काम झालं की पिल्लं परत घरट्यात, आणि थोड्या वेळात आई परत येते. माणसाचा वास लागला म्हणून टाकून देते वगैरे खरं नाही.

१६. पहिलं उड्डाण कधी? आणि उडाल्यावर परत घरट्यात का येतात?

सात-साडेसात आठवड्यांचं झालं की. आधी काही दिवस पंख मारत घरट्यावर हातभर वर उचललं जातं आणि परत खाली, मग एक दिवस वारा बरा असला की जातंच. उडाल्यावर अजून पाच-सहा आठवडे घरटं हे त्यांचं जेवणाचं ताट असतं, बाप मासा तिथेच टाकतो, ज्याने आधी झडप घातली तो पंख पसरून मासा झाकून बसतो आणि बाकीचे ओरडत बसतात. या दिवसांत पिल्लं आणि मोठे ओळखायचे तर पाठ बघा, पिल्लांच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते आणि डोळे नारिंगी असतात.

१७. मासे पकडायला कोण शिकवतं, आई की बाप?

कुणीच नाही. ते उपजतच असतं, सराव मात्र स्वतःचा स्वतः करावा लागतो. आणि हे नक्की माहीत असण्याचं कारण म्हणजे रटलँडचीच गोष्ट.

अंडी चोरणारे आणि बंदुकवाले यांच्यामुळे इंग्लंडमधून ऑस्प्रे एकोणिसाव्या शतकातच संपले होते आणि स्कॉटलंडमधलं शेवटचं घरटं १९१६ चं मानतात. नंतर १९५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लॉक गार्टनला एक जोडी आपली आपण परत आली, १९५८ ला तिचीही अंडी चोरीला गेली, मग पहारा लावला आणि १९५९ ला लोकांना लांबून बघायला हाइड उघडलं. तिथून स्कॉटलंडमध्ये संख्या वाढली. पण इंग्लंडमध्ये येईनात, कारण ऑस्प्रे, विशेषतः नर, जिथे वाढला तिथेच घरटं करायला बघतो. मग पक्षितज्ज्ञ रॉय डेनिस आणि रटलँडच्या रिझर्व्हचे टिम ॲपलटन यांच्या पुढाकाराने १९९६ ते २००१ या वर्षांत स्कॉटलंडमधून सहा आठवड्यांच्या आसपासची ६४ पिल्लं आणली, पाण्याकाठच्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवली, माणूस दिसणार नाही अशा तऱ्हेने मासे दिले आणि उडायच्या वयाची झाल्यावर सोडली. त्यांना ना आई होती ना बाप. तरी ती मासे धरायला शिकली, आफ्रिकेला गेली, आणि त्यातली काही थेट रटलँडला परतली. २००१ मध्ये त्यातल्या एका नराच्या घरट्यात एक पिल्लू वाढलं, मध्य इंग्लंडमध्ये दीडशेहून जास्त वर्षांनंतरचं पहिलं. वेल्समध्ये २००४ ला घरटी झाली त्यांचे नरसुद्धा याच पिल्लांपैकी.

१८. पिल्लं अजून ओरडतायत आणि माया निघून गेली! आई अशी कशी?

ऑगस्टच्या मध्याला हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी दोन दिवस कॅमेरा लावला नव्हता. पण मार्चपासून तिचा हिशोब बघा. अंडी तिच्या अंगातून आली, पाच आठवडे बसली, मग पिल्लांवर बसली, पाऊस अंगावर घेतला, आणि आता तिला साडेचार-पाच हजार किलोमीटर उडायचंय. पिल्लं उडायला लागली, बाप मासे आणतोय, म्हणजे तिची गरज उरलेली नाही, आणि तिचं वजन भरून निघाल्यावर ती निघते. नंतर पिल्लं एकेकटी निघतात, आणि बाप सहसा शेवटचं पिल्लू जाईपर्यंत मासे घेऊन येत राहतो. रिकाम्या घरट्यावर मासा घेऊन तेहेतीस आलेला मी एकदा बघितलाय, थोडा वेळ बसला, इकडे तिकडे बघितलं, मग तो मासा स्वतः खाल्ला. प्रश्न ७ विचारणाऱ्या सगळ्यांना मी त्या दिवशी तो व्हिडिओ पाठवला.

१९. भिगवणला आम्ही ऑस्प्रे बघितला, तो मायाचा कुणी असेल का?

नाही, पण प्रश्न छान आहे. ब्रिटनचे ऑस्प्रे फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, सहारा असं करत पश्चिम आफ्रिकेत जातात, सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाव या भागात. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर, नांदूर मधमेश्वरला, कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांवर हिवाळ्यात दिसतात ते आशियाच्या उत्तरेकडून येतात. जात तीच, वाटा वेगळ्या. महाराष्ट्रात ते घरटं करत नाहीत, म्हणून पिल्लं वाढवताना बघायचं असेल तर कॅमेरा, आणि शिकार जवळून बघायची असेल तर जानेवारीत भिगवणची होडी. होडीवाल्याला सांगा खांबावर बसलेल्याच्या फार जवळ नको नेऊस, तो मासा खात असेल तर टाकून उडतो.

२०. कोकणात आमच्या गावी मोठ्या झाडावर असंच काड्यांचं घरटं आहे, तेही ऑस्प्रेचं का?

बहुतेक समुद्री गरुडाचं असेल, पांढऱ्या पोटाचा. तो आकाराने खूप मोठा, राखाडी पाठ, डोळ्यावरचा काळा पट्टा नाही, शेपटी पाचरीसारखी, आणि मासे तर खातोच पण समुद्री सापही खातो. डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी असेल तर ब्राह्मणी घार. कुठलंही असो, झाडाखाली गर्दी करू नका, आणि नेमकी जागा फोटोसकट ग्रुपवर टाकू नका.

२१. गेल्या वर्षीची पिल्लं यावर्षी का आली नाहीत?

पहिली दोन वर्षं ती आफ्रिकेतच राहतात. दोन किंवा तीन वर्षांची झाली की पहिल्यांदा उत्तरेला येतात, जागा शोधत फिरतात, आणि त्यानंतर कधीतरी घरटं करतात. साधारण तीनातलं एखादंच इथवर पोचतं. म्हणून रिंगचा नंबर वाचला गेला की आमच्या हाइडमध्ये अक्षरशः पेढे वाटल्यासारखं होतं. नर जन्मगावाच्या आसपास येतात, माद्या लांब पसरतात.

२२. जोडी आयुष्यभराची असते ना? एक आलाच नाही तर?

ओढ एकमेकांची जितकी तितकीच, कदाचित जास्त, घरट्याची असते. हिवाळ्यात दोघं एकत्र नसतात. दोघंही परतले तर जोडी जमते. एक आला नाही तर दुसरा थोडे दिवस थांबतो आणि मग नवा जोडीदार घेतो, कारण सीझन छोटा आहे. २०१४ ला मायाचा आधीचा नर परतला नाही, त्या वर्षी नरांची ओढाताण झाली आणि घरट्यात एकही पिल्लू वाढलं नाही. पुढच्या वर्षी तेहेतीस आणि ती, आणि तेव्हापासून चाललंय. अपवाद आणखी एक: क्वचित एखादा नर दोन घरटी धरतो, मग बहुतेक वेळा दुसऱ्या घरट्याला मासे कमी पडतात.

२३. पिल्लू डोळ्यांदेखत खंगतंय आणि कॅमेरावाले नुसते बघतायत, मदत का नाही करत?

याचं सरळ उत्तर नाहीये आणि मलाही दर वेळी त्रास होतो. सर्वसाधारण नियम हात न लावण्याचा, कारण घरट्यावर माणूस चढला की आई उडते, बाकीची पिल्लं उघडी पडतात, आणि एकाला वाचवताना दोन जाऊ शकतात. शिवाय पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे, १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली घरट्यावरच्या ऑस्प्रेला त्रास देणं गुन्हा आहे, लायसन्सशिवाय कुणी चढू शकत नाही.

पण अपवाद झालेत. जून २०१२ ला वेल्समध्ये डाव्ही नदीवरच्या घरट्यात वादळी पावसात तिघांतली दोन पिल्लं गेली, तिसरं अगदी मरायला टेकलं होतं. तिथल्या लोकांनी ते काढून त्याला मासा भरवला आणि परत घरट्यात ठेवलं, आईबापांनी ते पुढे वाढवलं, ते उडालं. माणसाने केलेली अडचण असेल, म्हणजे पायात अडकलेली नायलॉनची दोरी किंवा मासेमारीची तार, तर मात्र मदत करायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, कारण ती दोरी आपण टाकलेली असते.

२४. ड्रोनने वरून छान शूट मिळेल ना?

नाही. अजिबात नाही. ड्रोन आला की आई उठते, अंडी गार पडतात, आणि तेवढ्या वेळात कावळा येतो. माणसाचा त्रास कुठवर जातो बघा, एप्रिल २०२१ मध्ये वेल्समधल्या लिन ब्रेनिगला घरट्याचा खांब कुणीतरी रात्री करवतीने कापून पाडला, वर अंडं होतं. त्यानंतर मला कुणी "जरासं जवळ गेलं तर काय होतं" विचारलं की मी हे एवढंच सांगते.

२५. नुसतं बघण्यापेक्षा काही नोंद ठेवायची तर काय लिहू?

वही घ्या, मोबाईलवर नको, मोबाईल उघडला की तुम्ही दुसरीकडे जाता. तारीख, वेळ, मासा कुणी आणला, डोकं होतं की नव्हतं, कुठला मासा (लाल पर रोच, हिरवट आणि पट्टे पर्च, बाकी लांबट आणि ठिपके ट्राउट, नाहीच कळलं तर नुसता आकार), कुठल्या पिल्लाने किती घास घेतले, आणि दोन माशांमध्ये किती वेळ गेला. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कॅमेऱ्याबाहेर काय चाललंय ते त्यातूनच कळतं. माझ्या लेकीच्या वहीत एका पावसाळी दिवसाचं पान आहे, सकाळी ५.४० ला एक मासा आणि त्याखाली दुपारी २.१५ पर्यंत काहीच नाही, नुसती कोरी रेघ, आणि मग तिच्या मोठ्या अक्षरात "आला!!!".